तुराटीचे वाटेकरी

आमच्या परसात घाण होती, उकिरडा होता, पावसाळ्यात घोटाभर राड होती. पण ज्याला धनी नाही असं काही पडून राहायचं नाही. रानातून गाडी निघाली, की ती दारात पोचायच्या आधीच तिच्यातल्या मालाच्या वाटण्या झालेल्या असायच्या. ज्वारी कणगीची. कडबा बैलांचा. भुसकट म्हशीचं. धसकटं न्हाणीच्या चुलीची. करडीचे काटे आधी कुंपणाचे, मग चुलीचे. अंबाडीच्या सणकाड्या आजोबांच्या चिलमीच्या. आणि तुराट्या? तुराट्यांना वाटेकरी इतके, की गंजी रचून होईपर्यंत तिच्यातल्या निम्म्या कुणाकुणाला बोलून ठेवलेल्या असायच्या.

आमचं घर औसा तालुक्यातलं. तूर, ज्वारी, करडी, थोडा कापूस, बांधाला अंबाडी. आमच्या वयाची, म्हणजे आता साठी ओलांडलेली, जी माणसं लातूर-उस्मानाबादकडच्या अशा घरांतून वाढली, त्यांना ही वाटणी पाठ असेल. विसरली असेल तर आपल्या तळपायाला विचारावं. धसकट घुसल्याची एखादी खूण तिथे अजून सापडेल.

तूर पौष-माघात निघायची. विळ्याने बुडातून कापायची, पेंढ्या खळ्यावर उन्हात टाकायच्या, कडक वाळल्या की झोडपायच्या. खाली शेंगांच्या फोलांचं आणि पाल्याचं जे भुसकट पडायचं ती गुळी. गुळी म्हशीच्या इतकी आवडीची, की ती संपली की म्हैस दोन दिवस कडब्याकडे बघायची नाही. दाणे पोत्यात गेले, गुळी कोठ्यात गेली, की उरायच्या त्या नुसत्या काड्या. पुरुषभर उंचीच्या, तपकिरी, वाजणाऱ्या.

त्यांतला पहिला मान कुडाचा. सरळ, बोटाएवढ्या जाड तुराट्या निवडून उभ्या रोवायच्या, आडव्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेणामातीचा गिलावा. गोठ्याच्या भिंती अशाच होत्या, मागची खोलीही अशीच होती. पुढचा वाडा दगडमातीचा, भिंती दोन-दोन हात जाड, वर माळवद. पाहुणा आला की पुढे बसायचा, घरचा माणूस मागे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागातला हा मानापमानच उलटा झाला. जड माळवदांनी नि जाड भिंतींनी माणसं गाडली. त्यानंतर किती तरी महिने वाड्यांचे मालक गोठ्यात झोपत होते. आजोबा म्हणायचे, "कूड अंगावर पडला तर झटकून उठता येतंय."

दुसरा मान ताटीचा. गोठ्याला दार म्हणून ताटी, न्हाणीला आडोसा म्हणून ताटी, पाहुणे फार झाले की ओसरीत मधे ताटी. तिसरा मान डालपाटीचा. कोवळ्या, लवणाऱ्या तुराट्या तेवढ्यासाठी आधीच वेगळ्या काढलेल्या असत. आजोबा त्या हौदात भिजत घालायचे आणि दुपारच्या वेळी लिंबाखाली बसून विणायचे. बुडाला उभ्या काड्यांची चांदणी, पायाच्या अंगठ्याखाली ती दाबून धरायची, मग एक काडी आतून, एक बाहेरून. काडी मोडली तर शिवी काडीला नाही, आमच्यापैकी जो कुणी जवळ असेल त्याला. ह्या डालपाट्यांतून शेण गेलं, कापूस आला, भाकरी गेल्या, कोंबडीची पिल्लं झाकली गेली, आणि बूड निसटलं की डालपाटीच चुलीत गेली. वस्तू मोडली म्हणजे संपली असं नव्हतं. मोडली म्हणजे तिचं खातं बदललं.

मग खराटे. मग दोडक्याच्या वेलाला मांडव. मग मास्तरांना छडी. हा मान मात्र आम्ही पोरं स्वखुशीने पुरवत असू, कारण तुराटी दुसऱ्या फटक्याला तुटते. निरगुडीचा फोक तुटत नाही, हे मास्तरांनाही ठाऊक होतं, पण निरगुडी ओढ्याला होती आणि ओढा लांब होता.

एवढं करून उरलेली गंजी चुलीची. आणि चुलीत सगळं सरसकट जात नसे. भाकरीला तुराटी, कारण तिचा जाळ चटकन लागतो, पुढे सारली की वाढतो, मागे ओढली की उतरतो. दुधाला गोवरीचा आर, म्हणजे सायंकाळपर्यंत साय पिवळी. आंघोळीच्या पाण्याला धसकटं आणि करडीचे काटे, कारण तिथे लक्ष द्यायला कुणी नसतं, भसाभसा पेटून गेलं तरी चालतं. हुरड्याच्या आगटीला पुन्हा गोवऱ्याच. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या काड्या. त्या जरा दमदार, म्हणून डाळ शिजायला. लग्नाकार्यातच काय ते लाकूड. आमच्या भागात झाडं मोजकी, लाकूड महाग. रानच आमचं जळण पिकवायचं, धान्याबरोबर फुकटात.

फुकटात म्हणजे आणणाऱ्याचे हात सोडून. सांज झाली, चुलीपुढची रास संपली, की आजीचा आवाज यायचा, "अगं, तुराट्या आण चार." त्या क्षणी घरातल्या सगळ्या पोरांना गृहपाठ आठवायचा. गंजीत विंचू असायचे. काठीने आधी गंजीवर दोन तडाखे मारायचे, मग बिंडा ओढायचा, ओढून पुन्हा आपटायचा. जळणाची नासाडी दिसली की आजी म्हणायची, "जळण म्हंजी काय झाडाला लागतंय का?" आम्ही मनातल्या मनात म्हणायचो, झाडालाच लागतं की.

खेळणीही त्यातलीच. बैलांच्या दावणीत ज्वारीची जी जाड ताटं चघळून उरायची ती चिपाडं आमची. चिपाडाची वरची साल दातांनी सोलायची. ओठ हमखास कापायचा. सालीच्या लवचिक पट्ट्या वेगळ्या, आतलं पांढरं भेंड वेगळं. भेंडाचे तुकडे, त्यांत सालीच्या पट्ट्या खोचायच्या, बाभळीचा काटा खिळा म्हणून. पहिल्यांदा चष्मा, तो घालून सगळे मास्तर व्हायचे. मग बैलगाडी, जू, शिवळा, सगळं. हुशार पोरांची गाडी चालायची, आमची नुसती दिसायची. पाऊस आला की भेंड भिजून गाडी फुगायची, आणि दुसऱ्या दिवशी म्हैस ती खाऊन टाकायची. वाटेकरी तिथेही हजरच.

वेळा अमावास्येला तर कडब्यालाच देवपण. रानात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड, त्यांना चुना, पुढे आंबील, भज्जी, उंडे. सगळं गाव त्या दिवशी रानात, गल्ल्या ओस. दिवस सरला की कोप मोडून पेंढ्या परत गंजीवर. देवाचं घर झालं म्हणून बैलांच्या पोटातून सूट नव्हती.

राखेपर्यंत हा हिशेब चालायचा. सकाळी चुलीतली राख चाळणीने चाळायची. बारीक राख भांड्यांना, जरा भरड न्हाणीपुढच्या चिखलात. तुरीच्या, मुगाच्या दाण्यांत भुंगा लागू नये म्हणून राख. वांग्यावर मावा पडला तर राख. तान्ह्या पोराने ओसरीत केलेल्या प्रतापावरही आधी राख. कुणाकुणाच्या दातांना राखुंडी. जी उरेल ती उकिरड्यावर, शेणाबरोबर, आणि मृगाच्या आधी गाडीने रानात. दिवाळीत उकिरड्यावर पणती लावायचो आम्ही. पोरींना ते काम लाजिरवाणं वाटायचं. आईला वाटायचं नाही.

हे सगळं सांगताना एक गोष्ट वगळली, तर चित्र फार गोड होईल. आमच्या घरी वाटण्या व्हायच्या कारण आमच्याकडे रान होतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्या घरच्या बाया नांगरट झाली की सकाळीच यायच्या, "वैनी, धसकटं येचू का?" धसकट म्हणजे ज्वारीचं बूड, मुळं आणि मातीचं ढेकूळ सकट. ते उपटून, आपटून, माती झाडून, डोक्यावर बोचकं करून दोन-तीन मैल चालायचं, तेव्हा एका वेळची चूल. आम्ही परवानगी देत असू आणि देताना उपकार केल्याच्या चालीत देत असू. खरं तर रान साफ करून मिळायचं ते आम्हालाच. कुंभारही यायचे भट्टीसाठी भुसकट मागायला. त्यांना ते मिळायचं, आम्हाला सुगडं मिळायची. तो व्यवहार तरी बरोबरीचा.

आणि १९७२ चा दुष्काळ. आम्ही शाळेत होतो. ज्वारी पोटरीतच वाळली, म्हणजे दाणाही नाही आणि कडबाही नाही. कडबा एरवी शेकड्याच्या भावाने विकला जायचा. त्या वर्षी लोक पेंढ्या मोजून घ्यायला लागले, मग उधार मागायला लागले. छपरावर घातलेला जुना कडबा, उन्हापावसाने काळा पडलेला, तो उतरवून जनावरांना घातला. बैलांनी तो खाल्ला. वरून आभाळ दिसायचं, आणि पाऊस नव्हताच, त्यामुळे छप्पर नसल्याची अडचण काही आली नाही, असं आजोबा पुढे सांगायचे आणि हसायचे. आम्हाला हसू यायचं नाही.

आजोळ मात्र वेगळ्या मुलखातलं, कऱ्हाडकडचं. तिथे पाणी होतं, ऊस होता, आणि उसाच्या घरातल्या वाटण्या निराळ्या. उसाचे शेंडे म्हणजे वाढे, ते जनावरांना. ऊस घाण्याला. रस काहिलीत. आणि रस निघून गेलेलं चिपाड त्याच काहिलीखाली. हे आम्हा लातूरकडच्या पोरांना फार नवल वाटायचं. घाण्यातून ओलं चिपाड बाहेर पडलं की बायका ते गुऱ्हाळापुढच्या पटांगणात पसरायच्या, उन्हात उलटंपालटं करायच्या, आणि कालचं वाळलेलं चिपाड आज चुलवाणात. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी सगळा काळा आणि घामेजलेला, काट्याने चिपाड आत ढकलायचा, वर गुळव्या ओरडायचा, "कमी कर, कमी कर!" चिपाडाचा जाळ क्षणात चढतो नि क्षणात बसतो, म्हणून गूळ जमायच्या वेळेला त्या दोघांचं एकमेकांशी पटलेलं असावं लागे. काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढून ठेवायची. तिच्यावरही खताच्या खड्ड्याचा हक्क. गुळाला बाहेरून जळण लागायचंच नाही म्हटलं तरी चालेल.

पुढे साखर कारखाने आले. प्रवरानगरचा विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना १९५० सालीच सुरू झाला होता, आणि मग नदीकाठाने एकामागून एक धुराडी उभी राहिली. मामा म्हणायचे, कारखाना म्हणजे मोठं गुऱ्हाळच. ते खोटं नव्हतं. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड निघतं, तेच बॉयलरमध्ये जातं, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, आणि आता तर कित्येक कारखाने त्यातून वीज करून विकतात. फक्त चिपाडाला बगॅस म्हणायचं, आणि आत येताना गेटपास लागतो. वाटेकरी मात्र एकाच जिनसेचे वाढले, आणि एक जिन्नस पोरका झाला: पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं. गुऱ्हाळाच्या काळात पाचट छपरांवर जायचं, गोठ्यात जनावरांखाली जायचं. ऊस एकराने वाढला, छपरं पत्र्याची झाली, आणि तोडणी झाली की फडाला काडी लावायची चाल पडली. रात्री बसमधून येताना दोन्ही बाजूंना जळणारे फड दिसत. आम्हाला ते सुंदर वाटायचं, हे सांगायला आता बरं वाटत नाही.

धाकटी काकू मावळातली. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक विद्या आली: भुशाची शेगडी. माहेरी भाताचा तूस रग्गड, कारण शंभर किलो भात भरडलं की वीसेक किलो तूस निघतोच. काका नोकरीला लातुरात, एका खोलीचा संसार. तिथे वखारीतला लाकडाचा भुसा दोन आण्याला पोतं मिळे. डालड्याचा मोठा डबा घ्यायचा, बुडाजवळ एका बाजूला भोक पाडायचं. आत मधोमध रिकामी बाटली उभी करायची, भोकातून एक आडवी काठी बाटलीला भिडवायची. मग भोवती भुसा ओतायचा आणि मुठीने ठासायचा, ठासायचा, पुन्हा ठासायचा. मग श्वास धरून बाटली फिरवत फिरवत वर काढायची, काठी बाहेर ओढायची. नीट ठासला असेल तर मधे सुबक नळी तयार. नसेल तर सगळा डोलारा आत कोसळतो आणि काकू पहिल्यापासून सुरू करते. खालच्या भोकातून पेटतं कागदाचं भेंडोळं सारलं की नळीच्या आतल्या अंगाने भुसा जळत जायचा, तासन् तास, सारखा. दिवसाचा स्वयंपाक एका डब्यावर. काकू सकाळी डबा भरताना कुणाशी बोलत नसे, आणि घरमालकीण खास त्याच वेळी गप्पांना यायची.

नंतर गोबरगॅस आला. १९८१-८२ मध्ये सरकारने बायोगॅसची राष्ट्रीय योजना काढली, त्याच लाटेत मधल्या काकांनी परसात खड्डा घेतला. वर लोखंडी टाकी. गॅस भरला की वर उचलायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. वर साय धरू नये म्हणून ती सकाळी गोल फिरवायची असे. ते काम आम्हा पोरांकडे आणि अत्यंत आवडीचं. आजीने मात्र पुरणपोळी त्याच्यावर करायची नाही असं जाहीर केलं. "शेणाच्या गॅसवर देवाचा निवद?" आजोबा चिलीम बाजूला काढून म्हणाले, "मग गवरी काय सोन्याची असती का?" पुढच्या सणाला पुरण गॅसवर शिजलं. आजोबांचं म्हणणं होतं की तो गॅस म्हणजे कडबाच, फक्त म्हशीच्या वाटेने आलेला. थंडीत गॅस कमी पडायचा, पावसाळ्यात टाकीला गंज चढायचा, तरी ती टाकी पुष्कळ वर्षं चालली. ती बंद पडली ती बिघाडाने नव्हे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, म्हशी दोनवर आल्या, आणि टाकीचं पोट भरेना.

आता धुराबद्दल, कारण त्याशिवाय हा जमाखर्च अर्धा. आजीचे डोळे कायम लाल असत. आईचा खोकला आम्हाला घरातल्या आवाजांपैकी एक वाटायचा, जसं जातं, जसा रहाट. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. फुंकणी टेकून ठेवताना ती जो श्वास घ्यायची तो अजून कानात आहे. गॅसचा सिलिंडर घरात आला त्या दिवशी आईने ओट्यापुढे उभं राहून पहिला चहा केला आणि दुसरा लगेच केला, कुणी मागितला नव्हता तरी. महामार्गावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसतात, तेव्हा मला त्या भाकरीपेक्षा तिच्यामागे बसलेल्या बाईचे डोळे बघावेसे वाटतात. चूल परत यावी असं मला वाटत नाही. तुराटी फुकट जळू नये असं मात्र फार वाटतं, आणि ह्या दोन्हींचा एकमेकांशी झगडा आहे असं मला मुळीच मान्य नाही.

तो झगडा नाही हे काही शहाण्या माणसांनी केव्हाच दाखवून दिलं. इरावती कर्व्यांचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे, यांनी पुण्यात १९९६ साली आरती नावाची संस्था काढली, आणि त्या पोरक्या पाचटाला हात घातला. पाचट डब्यांत गच्च भरायचं, डबे भट्टीत ठेवायचे, हवा न लागता ते आतल्या आत तापून काळं पडेल असं करायचं. त्यातून जो वायू सुटतो तोही भट्टीतच जळतो. उरलेली काळी भुकटी खळीत मळून यंत्रातून कांड्या पाडायच्या, वाळवायच्या. कांडीकोळसा. जोडीला 'सराई' नावाचा कुकर. शंभर ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा वरणभात शिजतो, आणि धूर नाही. २००२ साली ह्या कामाला विलायतेतला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. माझ्या आईने तो कुकर एका प्रदर्शनात पाहिला, झाकण उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "हे चाळीस वर्षं आधी का नाही सुचलं कुणाला?"

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनेही पाचटावर आणि चिपाडावर चालणारा गॅसिफायर करून दाखवला. त्यात ते नुसतं भडभड जाळायचं नसतं. बेताची हवा देऊन त्याचा गॅस करायचा आणि तो भट्टीला पुरवायचा. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या संशोधनाची जी जुनी संस्था आहे, १९२४ ची, तिथे आमच्या पऱ्हाट्यांच्या दाबून फळ्या केल्या. टेबल, कपाटं, दारं होण्यासारख्या. पऱ्हाटी रानात उभी ठेवली की तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामाला हजर होते, म्हणून तिला वेळेवर रानाबाहेर काढणं तसंही शेतकऱ्याच्याच हिताचं. तिकडे हरियाणात पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा मोठा कारखाना उभा राहिला, वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या मापाचा, आणि त्याचं तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. पानिपतावरून मराठी माणसाला बरी बातमी आली ती अशी.

मग अडतं कुठे? आमच्या परसाला विचाराल तर ते सांगेल. अडतं गोळा करण्यात. पाचट, गुळी, सोयाबीनचं भुसकट, हे सगळं दिसायला डोंगर आणि वजनाला काहीच नाही. ट्रक शिगोशीग भरला तरी काटा हलत नाही, आणि डिझेल मात्र ट्रकच्या हिशेबाने लागतं. आमच्याकडे हे वजन ओढायला आजी होती, पोरं होती, धसकटं वेचणाऱ्या बाया होत्या, आणि त्यांच्या मजुरीचा आकडा कुणीच मांडत नव्हतं. तो मांडायला लागले तेव्हा कळलं की फुकट असं काही नव्हतंच. म्हणून तर कारखानदार काडी रानाजवळच दाबून तिच्या गोवरीएवढ्या कांड्या, विटा करतात. चिकटवायलाही काही लागत नाही. दाब आणि उष्णता पुरेशी असली की काडीतलाच चिकट अंश सुटतो आणि घट्ट धरतो. त्या कांड्या मग बॉयलरना जातात. औष्णिक वीज केंद्रांनीही कोळशात पाच टक्के अशा गोळ्या मिसळाव्यात असं केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरवलं. म्हणजे तुराटी आता लातूरहून निघून एखाद्या वीज केंद्रात जळते, आणि तारेवरून परत येऊन आमच्या ओसरीतला पंखा फिरवते. आजोबांना हे आवडलं असतं. त्यांनी डालपाटी विणताना दोन पोरांना तरी समजावून सांगितलं असतं.

आता रान भावाकडे आणि भाच्याकडे. तूर मशीनने निघते. यंत्र एका फेरीत दाणे काढतं, गुळी मागे उडवून देतं, आणि गुडघाभर खुंट रानात उभे सोडून जातं. सोयाबीनचा मळणीनंतरचा ढीग बांधावर. दोन-तीन वर्षं भाच्याने त्याला काडी लावली. शेजाऱ्यानेही लावली, म्हणून. यंदा मात्र मी गेले त्या दिवशी दारात एक टेम्पो उभा होता. कांड्या-विटांच्या कारखान्याचा माणूस, कानाला मोबाइल, भुसकटाचा भाव टनावर सांगत होता. भाचा म्हणत होता, वजन तुमच्या काट्यावर नाही, गावातल्या काट्यावर. ओल किती धरणार? भरणावळ कुणाची? दोरी कुणाची? बराच वेळ चाललं. शेवटी जमत आलं, तशी वहिनी आतून हात पुसत बाहेर आली.

"सगळं नाही द्यायचं," ती म्हणाली. "म्हशीपुरतं कोठ्यात ठेवा. आन् त्या कडंच्या तासातल्या उभ्या तुराट्या हाताने कापून घ्या, खराट्याला लागतात. प्लास्टिकच्या झाडूनं अंगण निघत नाही."

टेम्पोवाला म्हणाला, "काकू, आमच्याही गावाकडं लागतात. दोन बिंडे मलाबी ठेवा."

"तुला कशाला रे? तू तर भुसकट न्यायला आलास."

"आईनं सांगितलंय," तो म्हणाला, आणि भाच्याने त्यावरून टनामागचा भाव थोडा वाढवून घेतला.